पाखरांची बंदूक व तिचा पुरावा : फर्दापूर येथील एका दुनळीच्या निमित्ताने

इतिहासाच्या अभ्यासकास सनदा, महजर, नाणी व शिलालेख यांची परीक्षा कशी करावी, हे गुरुजनांकडून शिकावयास मिळते. परंतु जुन्या घराच्या तुळईला टांगलेली बंदूक दृष्टीस पडली म्हणजे तो बहुधा घरधन्याच्या तोंडची हकीकत लिहून घेतो आणि परत फिरतो. प्रस्तुत लेखकाच्या हातूनही हीच चूक घडली, आणि ती चार लोकांसमक्ष घडली. ती कबूल करावी, आणि शिकारीच्या बंदुकीची, दारूची व छऱ्यांची निवड कोणत्या नियमांनी होत असे ते सांगून इतर अभ्यासकांस सावध करावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

फर्दापूर हे गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी वसलेले आहे. माथ्यावर अजिंठा, पायथ्याशी फर्दापूर, आणि पुढे खानदेशाचे काळे रान, अशी येथील रचना. गावात मोगल अमदानीतील सराई आहे. आणि जवळच वाघूर नदीच्या वळणावर जगद्विख्यात लेणी आहेत. २८ एप्रिल १८१९ (शके १७४१) रोजी मद्रासच्या फौजेतील जॉन स्मिथ नावाचा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने या खोऱ्यात आला असता ही लेणी त्याच्या दृष्टीस पडली. दहाव्या लेण्यातील एका खांबावर, प्राचीन चित्राच्या अंगावरच, त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेविली. भोवतालच्या लोकांस ही स्थळे पूर्वीपासून ठाऊक होती, हे निराळे सांगावयास नकोच. तथापि पाश्चात्त्य विद्वानांचे लक्ष तिकडे वळण्यास हा प्रसंग कारण झाला.

फर्दापूरच्या पंचक्रोशीतील एका घरी काही वर्षांपूर्वी मला एक दुनळी बंदूक दाखविण्यात आली. घरातील वृद्ध गृहस्थ म्हणाले, “गुरुजी, ही स्मिथसाहेबाची बंदूक. आमच्या पूर्वजाने साहेबाला लेण्याची वाट दाखविली, म्हणून साहेबाने खूश होऊन बक्षीस दिली.” बंदूक सुरेख होती. नळ्यांवर लाटांसारखे जौहर उमटलेले, बाहेर दोन घोडे, दस्त्यावर जाळीदार नक्षी. नळ्यांच्या खालच्या अंगास काही रोमन अक्षरे होती; ती गंजात बुडाली होती व मी ती वाचण्याचा प्रयत्न केला नाही. पुढे एका शाळेतील व्याख्यानात ही हकीकत मी निःशंकपणे सांगितली. त्या अक्षरांचा उलगडा नंतर झाला. तो देण्यापूर्वी बंदुकीचे अंगप्रत्यंग वाचकांस परिचित करून देणे अवश्य आहे.

पाखरामुळे बंदूक कशी बदलली

लढाईची बंदूक आणि पाखरांची बंदूक यांची प्रकृती मुळातच भिन्न आहे. लढाईत माणसांची रांग समोर असते. एक जड गोळी त्या दिशेने गेली म्हणजे काम भागते. पाखरू लहान, चपळ आणि उडते. त्यास एक गोळी लागणे हा योगायोग होय. म्हणून तेथे एका गोळीच्या जागी शेकडो छरे लागतात, आणि चाप ओढल्यापासून बार उडेपर्यंतचा काळ होईल तितका अल्प असावा लागतो. बंदुकीच्या इतिहासातील कित्येक सुधारणा पाखरांच्या शिकाऱ्यांच्या गरजेतून निघालेल्या आहेत, हे ध्यानात ठेविले म्हणजे पुढील विवेचन सुगम होईल.

आपल्याकडे पाखरे धरण्याचे प्राचीन उपाय म्हणजे वागुरा, पाश व श्येन, अर्थात् जाळे, फासा व ससाणा. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने इ. स. च्या बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मृगयेचे विस्तृत प्रकरण असून श्येनविनोदाचा स्वतंत्र विचार आहे. कूर्माचलाचा राजा रुद्रदेव याचे ‘श्यैनिकशास्त्र’ तर केवळ याच विषयाला वाहिलेले असून ते हरप्रसाद शास्त्री यांनी १९१० मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध केले. या ग्रंथांत ससाण्याचे खाणे, त्याचे आजार, त्यास शिकवावयाची रीत हे सर्व आहे.

दक्षिणेत हातबंदुकीचा प्रसार सोळाव्या शतकात झाला. गोव्यातील कारागिरांच्या बंदुकांची वाखाणणी आल्बुकर्कने १५१३ मध्येच केलेली आहे. या काळाची बंदूक ती तोड्याची. दस्त्यावरील चिमट्यात पेटती जामगी धरलेली असे. चाप दाबला म्हणजे ती प्याल्यातील रंजकेवर टेके, रंजक पेटे, कानातून जाळ आत जाई आणि मग मुख्य बार उडे. एवढ्या अवधीत उडते पाखरू हातचे जाई. म्हणून तोडेवाला शिकारी दबा धरून, बंदूक टेकवून, बसलेल्या किंवा चरणाऱ्या पाखरांवर बार टाकी. तरीही पाखरे थोडी मरत असे नव्हे. जहांगीर बादशहाने इ. स. १६१६ च्या सुमारास आपल्या आयुष्यातील शिकारीची मोजदाद करविली, तीत त्याने स्वतः मारलेल्या सुमारे १७,००० जीवांपैकी जवळजवळ १४,००० पाखरे होती.

तोड्यानंतर चकमकीची बंदूक आली. हिच्या घोड्याच्या तोंडात गार बसविलेली असे. ती पोलादी पट्टीवर आपटून ठिणगी पडे. पेटती जामगी जवळ बाळगण्याची यातायात संपली. तथापि प्याला उघडाच राहिला. या उघड्या प्याल्यामुळेच पुढची सुधारणा झाली. स्कॉटलंडातील अलेक्झांडर फॉरसाइथ नावाचा पाद्री पाणपाखरांचा शिकारी होता. प्याल्यातील भडका दिसताच पाखरे छरे पोहोचण्यापूर्वी उडतात किंवा बुडी मारतात, हे पाहून त्याने आघाताने स्फोट पावणारे द्रव्य योजिले आणि १८०७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. या द्रव्याची तांब्याची लहान टोपी पुढील वीसएक वर्षांत प्रचारात येऊन टोपीची, म्हणजे केपाची, बंदूक रूढ झाली. तोड्याची, चकमकीची व टोपीची या तिन्ही बंदुका तोंडाकडून ठासावयाच्या; म्हणून आपल्याकडे त्यांस सरसकट ‘ठासणीची बंदूक’ म्हणतात. कागदपत्रांत केवळ हा शब्द आला तर त्यावरून काळ ठरविता येत नाही.

चौथी पायरी मागून भरावयाच्या बंदुकीची. फ्रान्सातील लफोशे याने १८३०–४० च्या दशकात बिजागरीवर मोडणारी नळी व तीत घालावयाचे काडतूस सिद्ध केले. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात ते इंग्रज कारागिरांच्या नजरेस आले. आणि १८६१ च्या सुमारास बुडाच्या मध्यभागी टोपी असलेले काडतूस इंग्लंडात प्रचारात आले. १८७५ मध्ये अ‍ॅन्सन व डीली यांनी घोडे आत दडविलेली बंदूक काढिली. यास्तव बाहेर घोडे असलेली पण मागून मोडणारी बंदूक दिसली तर ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वीची समजू नये.

निवड करण्याचे नियम

शिकाऱ्यास बंदूक निवडताना प्रथम नळीची गोलाई पाहावी लागे. ती मोजण्याची रीत चमत्कारिक वाटेल. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. तिचा व्यास सुमारे १८·५ मिलिमीटर. गोळ्या सोळा केल्या तर सोळा बोअर (१६·८ मि. मी.), वीस केल्या तर वीस बोअर (१५·६ मि. मी.). म्हणजे आकडा वाढला की नळी अरुंद. अपवाद ‘चारशे दहा’ बंदुकीचा. तो आकडा ·४१० इंच या व्यासाचा आहे. कंपनीच्या पायदळाची चकमकीची बंदूक पाऊण इंच गोलाईची, म्हणजे जवळपास अकरा बोअरची असे. तीत गोळीऐवजी छरे ठासले की तीच पाखरांवर चाले. रुंद नळीत छरे अधिक मावतात. परंतु बंदूक जड होते व धक्का वाढतो. या दोहोंचा मेळ बारा बोअरमध्ये उत्तम बसतो, म्हणून पाखरांच्या शिकारीत हीच सर्वांत अधिक रूढ झाली.

दुसरी गोष्ट नळीच्या तोंडाची. छरे तोंडातून बाहेर पडताच पसरू लागतात. नळीचे तोंड किंचित आवळले तर ते अधिक दूरपर्यंत एकत्र राहतात. या आवळण्यास चोक म्हणतात; ही कल्पना १८७० नंतरच्या दशकात बर्मिंगहॅमच्या ग्रीनर याने इंग्लंडात प्रचारात आणिली. परीक्षेची रीत अशी : ४० वारांवर ३० इंच व्यासाचे वर्तुळ आखावयाचे आणि बारातील शेकडा किती छरे त्यात पडतात ते मोजावयाचे. सरळ नळीतून शेकडा ४०, अर्ध्या चोकमधून ६०, पूर्ण चोकमधून ७० पडतात. १ १/१६ औंसाच्या बारात ६ नंबरचे सुमारे २८७ छरे असतात. म्हणजे सरळ नळीतून वर्तुळात ११५ पडतील, तर पूर्ण चोकमधून २००. दुनळीत एक नळी मोकळी व दुसरी आवळलेली ठेवीत, याचे कारण हेच. जवळून उठलेल्या पाखरावर पहिली, दूर गेलेल्यावर दुसरी.

तिसरी गोष्ट छऱ्यांची. इंग्रजी मापाचे ८ नंबरचे छरे औंसाला ४५०, ७ नंबरचे ३४०, ६ चे २७०, ५ चे २२०, ४ चे १७० आणि १ नंबरचे १०० भरतात. छरा बारीक तर संख्या अधिक, पण शक्ती थोडी. मोठा तर शक्ती अधिक, पण मधल्या फटी रुंद. हा तोल साधणे म्हणजेच पाखरांच्या शिकारीची निम्मी विद्या होय. अमेरिकन ६ नंबरचा छरा इंग्रजी ५ नंबरएवढा असतो, हेही लक्षात ठेवावे; अन्यथा दोन देशांतील पुस्तके एकमेकांच्या विरुद्ध बोलतात असा भ्रम होतो.

या नियमांचे उपयोजन पाखरानुसार होई. फेझंट हे परदेशी पाखरू दाट गवतातून एकदम फडफडत उठते. म्हणून त्यास मध्यम चोक व ५–६ नंबरचे छरे योजितात. टर्की हे अमेरिकेतील भारी पाखरू जमिनीवर उभे असतानाच डोके व मान साधून मारतात. तेथे पूर्ण चोक, ४ ते ६ नंबरचे छरे व चाळीस वारांच्या आतील अंतर लागते. हे टर्की पाखरू आपल्याकडे गोव्याच्या मार्गाने आले. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून ते जहांगीरास नजर केले व उस्ताद मन्सूर याने त्याचे चित्र रेखाटले. पोर्तुगीज भाषेत या पाखराचे नाव ‘पेरू’ असे आहे. गोव्याचे जुने दप्तर चाळणाऱ्या मराठी अभ्यासकाने तेथे फळाचा अर्थ घेऊ नये.

आपल्या रानात मोर, राखी रानकोंबडा, चकोत्री, तित्तिर व लावे ही सर्व फेझंटच्याच कुळातील होत. घाटाच्या उतारावरील झाडीत मोर, रानकोंबडा व चकोत्री. पायथ्याच्या शेतांत व माळावर लावे, तित्तिर आणि पखुर्ड्या. अशी त्यांची साधारण विभागणी असे. झाडीत पाखरू क्षणभर दिसून नाहीसे होते, म्हणून तेथे मोकळ्या तोंडाची, आखूड व हलकी नळी सोयीची. उघड्या माळावर अंतर वाढते, म्हणून तेथे चोक. लाव्यास ८ नंबर, तित्तिरास ६–७, रानकोंबड्यास ५–६, आणि माळढोकासारख्या भारी पाखरास ४ पासून १ नंबरपर्यंत, असा सर्वसाधारण क्रम होता. टर्कीची जोड आपल्याकडे शोधावयाची तर ती माळढोकातच सापडेल : तसेच जड शरीर, तसेच जमिनीवर चालणे, तशीच दुरून धोका ओळखणारी नजर.

दारू, छरे व सरंजाम

काळी दारू सोरा, कोळसा व गंधक यांची. इंग्रजी प्रमाण शंभरात ७५, १५ व १० असे. दाणा बारीक असेल तर ती झपाट्याने जळते. म्हणून रंजकेस बारीक व नळीत जाड दाणा वापरीत. ठासणीच्या बंदुकीत पाखरांसाठी जितके माप दारू, तितकेच माप छरे, हा सोपा नियम असे. बारा बोअरच्या नळीत सुमारे ५ ग्रॅम दारू व ३० ते ३२ ग्रॅम छरे बसत. आधी दारू, मग जाड बोळा, मग छरे, वर पातळ बोळा, असा क्रम होता. बोळा सैल राहिला तर चालता चालता छरे गळून जात. दारू दमट झाली तर सर्वच व्यर्थ. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना वस्तीपासून दूर ठेवावा व दारूस वेळोवेळी ऊन द्यावे, असे बजाविले आहे; किल्लेदारास जे लागू तेच शिकाऱ्याच्या शिंगड्यासही लागू होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूर न करणारी नवी दारू आली. तिचा दाब वेगळा असल्याने जुन्या पिळाच्या, जौहरदार नळ्यांत ती धोक्याची ठरते.

छऱ्यांवरूनही काळाचा अंदाज घेता येतो. शिशाच्या पत्र्याचे तुकडे कापून केलेले छरे कोनदार असतात. साच्यातील छऱ्यांवर शिवण दिसते. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्स याने १७८२ मध्ये एका नव्या कृतीचे पेटंट घेतले : वितळलेले शिसे, किंचित सोमल मिसळून, उंचावरून चाळणीतून खाली पाण्यात सोडावयाचे. हवेतच त्याचे गोल थेंब बनतात. यामुळे सारख्या आकाराचे गुळगुळीत छरे मुबलक मिळू लागले. जुन्या वाड्याच्या कोनाड्यात बिनशिवणीचे, एकसारखे छरे सापडले तर ते बहुधा कारखान्याचे समजावे.

सरंजामात तोडेवाल्याजवळ जामगीचा वेटोळा, रंजकेचे लहान शिंगडे, दारूचे मोठे शिंगडे, छऱ्यांची चामडी पिशवी व गज. टोपीवाल्याजवळ जामगीच्या जागी टोप्यांची डबी. काडतूसवाल्याजवळ केवळ कमरेचा पट्टा. जुन्या यादीत या वस्तूंचा उल्लेख आला असता बंदुकीचा प्रकार आपोआप ठरतो. मात्र ‘शिकारखाना’ या शब्दास भुलू नये. पेशव्यांचा पर्वतीजवळील शिकारखाना हा मुख्यतः प्राणी पाळण्याचा होता.

एका संस्कृत ग्रंथाचे उदाहरण

ही ओळख केवळ शिकारी कुतूहलाची नाही, हे दाखविणारे एक ठळक उदाहरण माझ्या स्वतःच्या अभ्यासविषयातील आहे. ‘शुक्रनीती’त लघुनालिक नावाच्या आयुधाचे वर्णन येते, आणि अग्निचूर्णाची कृतीही येते : पाच भाग सोरा, एक भाग गंधक, एक भाग रुई-निवडुंगासारख्या झाडांचा कोळसा. गुस्टाव ऑपर्ट या पंडिताने १८८० मध्ये यावरून प्राचीन भारतीयांस बंदूक ठाऊक होती असे प्रतिपादिले, आणि ते मत आपणांस गोड वाटून पुष्कळांनी उचलले. परंतु वर्णन नीट वाचावे. त्या नालिकेस मागेपुढे लक्ष्य साधण्याचे तिलबिंदू आहेत, उत्तम लाकडाचा दस्ता आहे, चूर्ण ठासण्याची शलाका आहे. आणि बुडाशी, कानापाशी, यंत्राच्या आघाताने अग्नी उत्पन्न करणारा पाषाण आहे. हा पाषाण म्हणजे चकमकीची गार. ज्या ग्रंथात चकमकीची बंदूक आहे, तो ग्रंथ, निदान त्याचा तो भाग, चकमकीच्या बंदुकीहून जुना असू शकत नाही. कृतीचे प्रमाणही शंभरात ७१, १४, १४ असे, म्हणजे अर्वाचीन दारूच्या निकटचे पडते. लल्लनजी गोपाल यांनी तर हा ग्रंथ थेट एकोणिसाव्या शतकात नेला आहे. व्याकरण व छंद यांनी जे ठरत नव्हते, ते बंदुकीच्या एका अवयवाने ठरले.

उलगडा

आता फर्दापूरच्या दुनळीकडे वळू. दुसऱ्या खेपेस घरधन्यांच्या परवानगीने नळ्यांची खालची बाजू तेलाने पुसून दिव्यापाशी धरिली. तेथे ‘नॉट फॉर बॉल’, म्हणजे ‘गोळीसाठी नव्हे’, अशी अक्षरे निघाली. इंग्लंडात नळ्यांची सरकारमान्य परीक्षा होऊन छाप मारण्याची पद्धत आहे; बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले. ही विशिष्ट छाप चोक असलेल्या नळ्यांवर १८७५ ते १८८७ या काळातच मारीत. चोकच्या आवळलेल्या तोंडातून पुरती गोळी सोडल्यास नळी फाटण्याचे भय, म्हणून हा इशारा.

याचा अर्थ उघड आहे. बंदूक मागून भरावयाची, चोकची, आणि स्मिथ येऊन गेल्यानंतर निदान ५६ वर्षांनी परीक्षा झालेली. १८१९ मध्ये टोपीची बंदूकदेखील सार्वत्रिक झालेली नव्हती. स्मिथच्या हाती चकमकीची असण्याचाच संभव सर्वांत अधिक. शिवाय कथेप्रमाणे तो वाघाच्या मागावर होता, आणि वाघास छरे चालत नाहीत, गोळी लागते. ही दुनळी तर स्वतःच्या अंगावरच्या अक्षरांनी गोळीस नकार देते. कथा दोन्ही बाजूंनी ढासळते. ज्या शाळेत मी व्याख्यान दिले होते तेथे जाऊन ही दुरुस्ती मुलांसमोर सांगितली. मुले हसली, पण एकाने पुढे येऊन आपल्या घरच्या तलवारीवरही काही अक्षरे असल्याचे सांगितले, तेव्हा चूक कबूल केल्याचे सार्थक झाले असे वाटले.

वृद्ध गृहस्थांस हे सांगणे अधिक कठीण होते. ते थोडा वेळ गप्प राहिले व म्हणाले, “मग गुरुजी, ही कुणाची?” कुणाची ते बंदूक सांगत नाही, कशासाठी ते मात्र सांगते. ही पाखरांची बंदूक आहे. यावर त्यांनी आपण होऊन सांगितले की, खालच्या माळावर पूर्वी माळढोक उतरत असे आपण वडिलांकडून ऐकले होते. स्वतः मात्र तो कधी पाहिला नाही. स्मिथसाहेबाच्या खोट्या कथेखाली ही खरी आठवण दडपून राहिली होती.

परीक्षा करणाऱ्यास सूचना

जुनी बंदूक हाती आली तर प्रथम ती भरलेली आहे असेच समजावे. ठासणीच्या बंदुकीत शंभर वर्षांपूर्वीचा बारही जिवंत असू शकतो. बारीक लाकडी काठी तोंडातून हलकेच बुडापर्यंत सोडावी, तोंडाशी खूण करावी, व काठी बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावून पाहावी. ती कानापर्यंत पोहोचत नसेल तर आत काही आहे. अशा वेळी हात न लावता जाणत्यास बोलवावे. काडतुशी बंदूक मोडून पाहावी. परंतु हौसेने बार काढून पाहू नये. जुन्या इंग्रजी बारा बोअरचे घर बहुधा अडीच इंची काडतुसाचे असते. हल्लीचे पावणेतीन इंची काडतूस त्यात शिरते खरे, पण त्याचे तोंड पुरते उघडत नाही व दाब भयंकर वाढतो.

नंतर क्रमाने पाहावे : बार शिलगविण्याची तऱ्हा, नळी भरण्याची बाजू, तोंडाची व बुडाची गोलाई, नळ्यांखालील छापा, आणि शेवटी कारागिराचे नाव. नाव शेवटी, कारण नावे खोटी कोरली जात. चकमकीच्या बंदुका मागाहून टोपीच्या करून घेतलेल्या पुष्कळ आहेत. म्हणून नळी जुनी व कळ नवी असा प्रकारही संभवतो. छापांवर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्यावा, वाळूकागद लावू नये. बाळगण्याच्या बाबतीत १९५९ चा शस्त्र कायदा लागू आहे. परवान्याचा प्रश्न घरधन्यांनी पोलीस कचेरीतून समजून घ्यावा.

एक शेवटची गोष्ट. मृगयेविषयी आपल्या ग्रंथकारांचे एकमत नाही. मनूने तिची गणना व्यसनांत केली. कौटिल्याने तीत व्यायाम व चल लक्ष्याचा अभ्यास हे गुण पाहिले. शाकुंतलात सेनापती तिची स्तुती करतो, पण त्याच नाटकाच्या आरंभी तपस्वी राजाचा बाण अडवितो. या वादात बंदुकीने एक नवा मुद्दा आणिला. तोडेवाल्यास एक बार टाकून पुन्हा ठासावयास वेळ लागे, आणि तेवढ्यात उरलेली पाखरे निसटत. काडतुसाने ती सवड नाहीशी केली. अर्थात् अपराध एकट्या काडतुसाचा नव्हे : अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) प्रदेशात एका इंग्रज गृहस्थाने हजाराच्या घरात माळढोक मारल्याचे विल्यम हेन्री साइक्स याने लिहून ठेविले आहे, आणि तो काळ ठासणीच्या बंदुकीचा होता. पुढे माळ नांगरले गेले व विजेच्या तारा आल्या. आज साऱ्या देशात माळढोक दीडशेच्या आसपास उरले आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने शौकाची शिकार बंद झाली, ती अगदी उशिरा.

म्हणून वर दिलेले छऱ्यांचे नंबर व नळ्यांची मापे कोणी उपयोगासाठी वाचावयाची नाहीत. ती पुराव्यासाठी वाचावयाची आहेत. घरोघरी टांगलेल्या या बंदुकांच्या अंगावर, कोणत्या रानात कोणते पाखरू होते, याची साक्ष राहिलेली आहे. वाचकांपैकी कोणाच्या पाहण्यात अशा छापा आल्यास त्यांचे ठसे, गावाचे नाव, आणि त्या घरी सांगितली जाणारी पाखरांची आठवण, ही तिन्ही या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावी. कथा खोटी ठरली तरी आठवण टाकू नये.